लेतेचं पाणी

ताक्लोबानचा विमानतळ समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. मनिलाहून सव्वा तासात विमान खाली येऊ लागतं, तेव्हा दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसतं आणि चाकं टेकेपर्यंत धावपट्टी नजरेला पडत नाही. २०१४ च्या मध्यावर मी तिथे उतरले, तेव्हा शेजारी बसलेल्या गृहस्थांनी क्रूसाची खूण केली आणि खालच्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सिस्टर, ते इथून आलं."

'ते' म्हणजे काय, हे लेते बेटावर कुणी कुणाला विचारत नाही. ८ नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास हैयान हे महावादळ सामार बेटाच्या टोकाला ग्वीवान गावावर धडकलं. फिलिपिन्समध्ये त्याला योलांडा म्हणतात, कारण तिथलं हवामान खातं वादळांना आपली नावं वेगळी देतं. वाऱ्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे गेल्याचा अमेरिकी नौदलाच्या केंद्राचा अंदाज होता. पण ताक्लोबानमध्ये माणसं मेली ती वाऱ्याने कमी आणि पाण्याने जास्त. लेतेचं आखात वरच्या अंगाला निमुळतं होत जातं आणि त्याच्या टोकाशी हे शहर वसलेलं आहे. वाऱ्याने ढकललेलं पाणी त्या नरसाळ्यात चढत गेलं आणि सकाळी साडेसात-आठच्या सुमारास पाच-सहा मीटर उंचीची भिंत होऊन शहरात घुसलं. सरकारी आकड्यांप्रमाणे ६,३०० माणसं गेली आणि हजाराच्या वर बेपत्ता राहिली. लोक ज्या मोठ्या सभागृहात आसऱ्याला गेले होते, त्याच्याही तळमजल्यात पाणी शिरलं होतं.

मी वसईची. आमचं घर भुईगावला, समुद्राच्या हाकेच्या अंतरावर. घरामागे केळीची बाग आणि बागेच्या कडेला बावखल. त्या गोड्या पाण्यात डुंबतच आमची पिढी वाढली. संन्यस्त जीवन स्वीकारल्यावर बरीच वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि आमच्या संस्थेचे हिशेब पाहिले. तेव्हा लेतेला पाठवायची वेळ आली, ती माझ्यात शुश्रूषेचा गुण होता म्हणून नव्हे. वादळानंतर तिथे पैसा भराभर येत होता आणि तो नीट लिहून ठेवणारं माणूस हवं होतं. मला मधुमेह आहे हे वरिष्ठांना ठाऊक होतं. "गोळ्या घेतेस ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि तिकीट आलं.

जाताना मनिलात एक दिवस हाताशी होता, तो मी सान फ्रान्सिस्को देल मोंते इथल्या जुन्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये घालवला. हे ठिकाण पेद्रो बाउतिस्ता यांनी स्थापलेलं. त्यांच्याबरोबर १५९३ साली जपानला गेलेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर मरण पावलेले ब्रदर गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. जपानात व्यापार करता करता ते मनिलाला आले आणि इथेच फ्रान्सिस्कन झाले. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. माझी भाचरं तिथेच शिकली. चर्चमधल्या एका आजीबाईंना मी सांगितलं की मी गोन्सालोंच्या गावची. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि विचारलं, "मग जेवलात का?" फिलिपिन्समध्ये पाहुण्याची ओळख पटल्याची हीच खूण, हे पुढे कळलं.

लेतेत आमचं घर पालो आणि सांता फे या गावांच्या मध्ये, समुद्रापासून आत होतं. 'घर' म्हणजे अर्धी भिंत सिमेंटची, वर बांबूच्या विणलेल्या तट्ट्या, ज्यांना तिथे अमाकान म्हणतात, आणि माथ्यावर नवे कोरे पत्रे. दुपारी त्या पत्र्यांखाली वही धरली की घामाने शाई फुटायची. आम्ही चौघी: दोघी तिथल्याच, एक कोरियन आणि मी. सकाळी सहाला प्रार्थना, सातला भात. दुपारी भात आणि रात्रीही भातच, सोबत सुकी मासळी किंवा मदतीच्या पेट्यांतून उरलेले सार्डिनचे डबे. कोकणपट्टीच्या माणसाला याची काय तक्रार असणार? जिभेला नव्हती. रक्तातल्या साखरेला होती.

माझं काम याद्यांचं. पूर्ण पडलेल्या घराला सरकारकडून ३०,००० पेसो आणि अंशतः पडलेल्याला १०,००० मिळणार होते. मग 'पूर्ण' कशाला म्हणायचं? खांब उभे आहेत पण छप्पर नाही, ते घर कुठल्या रकान्यात घालायचं? घरधन्याने नव्या तट्ट्या ठोकून चार भिंती उभ्या केल्या, तर तो आता 'अंशतः' झाला का? ज्यांनी हातपाय हलवले नाहीत त्यांना जास्त आणि ज्यांनी हलवले त्यांना कमी, असा उलटा हिशेब पदोपदी निघायचा. आम्ही सरकारी यादीतून सुटलेल्यांची वेगळी यादी करत होतो. त्यासाठी घरोघरी जावं लागे, आणि घरं भातशेतीच्या पलीकडे होती.

तिथे शब्दांपेक्षा लाकूड जास्त बोलायचं. योलांडाने या भागातले ३ कोटींहून अधिक माड मोडले किंवा निकामी केले, असा नारळ मंडळाचा अंदाज होता. २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागायतदारांनी आपल्या वाड्यांत जे पाहिलं, ते इथे प्रांतभर पसरलं होतं. आडव्या माडांत गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग उभ्या माडांचे शेंडे खातो, म्हणून पडलेलं झाड लवकर कापणं भाग होतं. दिवसभर यांत्रिक करवतींचा आवाज चालायचा. त्या फळ्यांची घरं झाली, बाकं झाली, क्रूस झाले. पण फळी म्हणजे नारळ नव्हे. नवं रोप फळाला यायला सहा-आठ वर्षं लागतात, आणि खोबरं विकून जगणाऱ्या माणसाला तोवर काय? तो भाताच्या शेतात मजुरीला जाऊ लागला. हा तपशील तेव्हा मी वहीत सहज टिपला होता. त्याचं महत्त्व मला वर्षअखेरीला कळलं.

एका रविवारी पालोच्या चर्चचे फादर मला जुनी गोष्ट सांगत होते. या देशात वादळाची आगाऊ सूचना देण्याचं शास्त्र मिशनऱ्यांनी उभं केलं. जेझुइटांनी १८६५ साली मनिलात वेधशाळा सुरू केली. तिथल्या फादर फेदेरिको फाउरा यांनी ७ जुलै १८७९ रोजी वायुभारमापकाच्या आधारे वादळाचा पहिला इशारा दिला. १८९७ च्या ऑक्टोबरात लेते आणि सामारवर मोठं वादळ आलं आणि समुद्र आत घुसला. त्या वादळावर फादर होझे आल्गे यांनी दुसऱ्याच वर्षी अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे समुद्र इथे शिरतो हे ११६ वर्षांपूर्वी छापून झालं होतं. "मग लोकांना माहीत का नव्हतं?" मी विचारलं. फादर म्हणाले, "पुस्तक स्पॅनिशमध्ये आहे आणि ज्यांनी ते पाणी पाहिलं होतं, त्यांची नातवंडंसुद्धा आता म्हातारी झाली आहेत." मग ते उठले आणि छप्पर उडालेल्या देवळात पावसाची बादली सरकवून आले.

पावसाळ्यात शेतातून जाणाऱ्या वाटा पाण्याखाली जातात. गमबूट होते, पण पाणी बुटाच्या वर असलं की बूट आतून भरतो आणि पाय जड होतो. तिथली माणसं अनवाणीच चालत. मी बूट हातात घ्यायची आणि झगा गुडघ्यापर्यंत खोचायची. संध्याकाळी पोटऱ्यांना बारीक पुरळ उठायचं आणि खाज सुटायची. मी खोबरेल लावायची. तिथे खोबरेलाला तोटा नव्हता.

ऑक्टोबरच्या अखेरीस ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, पहाटे उतरायचा. सोबत कोरडा खोकला, अंगावर गांधी, पोट बिघडलेलं. पहिल्यांदा एका दवाखान्यात डेंग्यू असेल म्हणून रक्त तपासलं, ते निघालं नाही. दुसऱ्या दवाखान्यात टायफॉइड समजून प्रतिजैविकं दिली. मी गोळ्या घेत राहिले आणि याद्या करत राहिले, कारण ८ नोव्हेंबरचा पहिला स्मृतिदिन जवळ आला होता. त्या संध्याकाळी लोकांनी रस्त्याच्या कडेने मैलोन्‌मैल मेणबत्त्या लावल्या. सान होआकिन गावात चर्चसमोरच्या अंगणात मृतांना पुरलं आहे. तिथे एकेका क्रूसाशेजारी घरची माणसं भात आणि सोड्याची बाटली ठेवून बसली होती. कुणी रडत नव्हतं. मुलं क्रूसांमधून पकडापकडी खेळत होती. मला अंगभर थंडी वाजत होती आणि मी एका अनोळखी बाईच्या खांद्याला टेकून बसले होते. तिने स्वतःची शाल मला गुंडाळली आणि आपल्या मृतांची नावं घ्यायला परत वळली.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मनाने निदान केलं. तिथे वयाने मोठ्या बाईला 'मना' म्हणतात. साठीची, हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र पुढे आलेलं. मी ते वयाचं म्हणून सोडून दिलं होतं. तिने माझ्या पोटऱ्या पाहिल्या, अंगावरच्या गांधी पाहिल्या आणि म्हणाली, "शिस्टो. पालोला जा."

पालो गावात तेव्हा शिस्टोसोमियासिस या एकाच रोगासाठी सरकारी रुग्णालय होतं. जगात अशी रुग्णालयं फार नसावीत, आणि ते इथेच का होतं हे डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं. शिस्टोसोमा हा रक्तात राहणारा कृमी. रोग्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात जातात, अंड्यातून निघालेला जीव पाण्यातल्या एका इवल्या गोगलगायीत शिरतो. ही गोगलगाय जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी, शेताच्या बांधाला, ओढ्याच्या चिखलात राहणारी. तिच्यात वाढून मग हजारो शेपटीवाल्या अळ्या पाण्यात सुटतात आणि माणसाच्या धड कातडीतून काही मिनिटांत आत शिरतात. जखम लागत नाही. पाणी प्यावं लागत नाही. नुसतं उभं राहिलं तरी पुरतं. आत गेलेले कृमी आतड्याच्या शिरांमध्ये जोडीने वर्षानुवर्षं राहतात आणि अंडी घालतात. काही अंडी यकृतात अडकतात, तिथे व्रण धरतात. वर्षं सरतात तसं यकृत कठीण होतं, पाणथरी वाढते, पोटात पाणी साठतं. शेवटी माणसाला रक्ताची उलटी होते. इथल्या जातीचा कृमी फक्त माणसात राहत नाही. म्हशी, कुत्री, डुकरं, उंदीर, सगळ्यांत राहतो. म्हणून तो जात नाही.

"तुम्ही शेतात उतरला होतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"रस्ताच शेतातून आहे."

"सगळ्यांचा तिथूनच आहे, सिस्टर," त्या म्हणाल्या.

माझ्यासारख्या पहिल्यांदाच लागण झालेल्या परक्या माणसाला काही आठवड्यांनी असा ताप येतो, कारण शरीराला तो पाहुणा नवा असतो. इथे जन्मलेल्यांना बऱ्याचदा ताप येतच नाही. ते गुपचूप आजारी राहतात. ताप आवरायला मला स्टेरॉइड सुरू केलं आणि वजनाच्या हिशेबाने प्राझिक्वांटेलच्या गोळ्या एका दिवसात विभागून दिल्या. ते औषध वाढलेल्या कृमींना मारतं, कोवळ्यांना नाही. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तोच डोस. गोळी कडू, घेतल्यावर डोकं गरगरतं, पोटात कळा येतात. आणि स्टेरॉइडने साखर अशी चढली की तोंडी गोळ्या पुरेनात, इन्सुलिन घ्यावं लागलं. वीज दिवसातून केव्हाही जायची, फ्रीज नावापुरता. कोरियन सिस्टरने मासे ठेवायच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या लाद्या आणि फडक्यात गुंडाळलेल्या माझ्या कुप्या ठेवल्या. बर्फ ताक्लोबानच्या बंदरावरून यायचा. बोट आली की बर्फ आला, बोट नाही आली तर मी हिशेबाच्या वहीत साखरेचे आकडे लिहीत बसायची.

पडून राहिल्यावर वाचन झालं. पालोच्या किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जनरल मॅकआर्थरचं स्मारक आहे. तळ्यात उभे असलेले कांस्यपुतळे, माणसापेक्षा उंच, पाण्यातून किनाऱ्याकडे चालत येणारे. २० ऑक्टोबर १९४४ ला तो इथे उतरला होता. योलांडाने त्यातला एक पुतळा आडवा केला. मॅकआर्थरच्या सैन्यातले हजाराहून अधिक सैनिक लेतेत शिस्टोने आजारी पडले. त्यात नद्यांत उतरून पूल बांधणारे अभियंता दलाचे जवान बरेच होते. लेतेतला हा रोग जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत ठळकपणे गेला तो त्यानंतर. शेतकऱ्यांच्या पोटांनी तो आधी कितीतरी काळ सांगितला होता.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनीच सांगितली आणि मी उठून बसले. "तुमच्या भारतातही होता की एका गावात." ते गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी, गुहागर तालुक्यात. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी तिथे या रोगाचं केंद्र असल्याचं दाखवून दिलं. तिथली जात वेगळी, मूत्रमार्गाला होणारी. गाव लहान होतं, डोह मोजके होते. रोग्यांना औषध आणि गोगलगायींवर उपाय करून तो आटोक्यात आला. मी आयुष्यभर कोकणातल्या पाण्याचं कौतुक ऐकत आले, पण गिमवीचं नाव माझ्या कानावर पहिल्यांदा पडलं ते पालोमध्ये. एका गावात जमलं ते इथे का जमत नाही? कारण इथे डोह नाही, अख्खं खोरं आहे, आणि त्यात म्हशी आहेत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रूबी वादळाची बातमी आली. जगासाठी तिचं नाव हागुपित. यावेळी लोकांना सांगावं लागलं नाही. सरकारी गाड्या यायच्या आधीच पिशव्या भरलेल्या होत्या. देशभरात दहा लाखांहून जास्त माणसं सुरक्षित जागी हलवली गेली. आमच्या बारांगायच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, प्रमुखाने, कापितानने, मला मल्टिकॅब या छोट्या गाडीत गादीसकट चढवलं आणि टेकडीवरच्या शाळेत नेलं. वर्गात ओळीने चटया. माझी चटई फळ्याखाली. एरवी अशा ठिकाणी मी यादी घेऊन फिरले असते. आता मीच यादीत होते. 'आजारी, स्त्री, परदेशी.' तो कागद भरणाऱ्या मुलीने माझा थर्माकोलचा डबा पाहून विचारलं, "यात मासे?" मी सांगितलं, औषध. तिने लगेच शाळेच्या कँटीनमधला उरलेला बर्फ आणवला.

रूबी ६ डिसेंबरला सामारवर दोलोरेसला लागली आणि फार हळू सरकली. वारा रात्रभर पत्रे ओढत होता. अंधारात बायका जपमाळ म्हणत होत्या, आणि प्रत्येक वेळी वारा थांबला की कुणीतरी दार उघडून पाण्याचा आवाज येतो का ते ऐकायचं. पाणी आलं नाही. घरं मोडली, पिकं गेली, पण माणसं फार थोडी गेली. सकाळी मना माझ्याजवळ बसून भाताची पेज चमच्याने पाजत होती. मी म्हटलं, "यावेळी वाचलो." ती म्हणाली, "त्या पाण्यातून वाचलो. योलांडाच्या आधीपासून माझ्या पोटात पाणी आहे, सिस्टर. त्याचे फोटो काढायला कुणी आलं नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. पेज भरवतानाच ती बोलली. पण त्या दिवसापासून मला माझ्या वहीत दोन पाणी दिसू लागली. एक पाणी एका सकाळी आलं. त्याच्यासाठी विमानं आली, तंबू आले, देशोदेशीचे डॉक्टर आले, आम्हीही आलो. दुसरं पाणी रोज तिथेच होतं, भाताच्या मुळाशी, हिरवं आणि शांत. त्याच्यासाठी पालोतलं एक रुग्णालय आणि वर्षाला एकदा शाळेत वाटायच्या गोळ्या. आणि पहिल्या पाण्याने माणसांना दुसऱ्या पाण्यात ढकललं होतं: माड पडले म्हणून माणूस शेतात उतरला, संडास मोडले म्हणून ओढ्याकाठी जाऊ लागला. माझ्या रकान्यांत यातलं काहीच बसत नव्हतं.

१७ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस ताक्लोबानला आले, तेही वादळ घेऊनच. त्या दिवशी आमांग नावाचं वादळ जवळ होतं. विमानतळाच्या मैदानावर लाखो लोक पावसात, सगळे पिवळ्या प्लास्टिकच्या रेनकोटात, आणि पोपसुद्धा तसाच रेनकोट घालून वेदीपाशी. मी दूर एका खुर्चीवर होते. दुसरा डोस नुकताच झाला होता आणि पाय लटपटत होते. त्यांनी तयार भाषण बाजूला ठेवलं आणि स्पॅनिशमध्ये बोलले, दुभाष्या वाक्यावाक्याने सांगत होता. सारांश असा की तुम्हाला काय सांगावं हे मला कळत नाही; तुमच्यातल्या कित्येकांनी सगळं गमावलं आहे आणि मी फक्त सोबतीला आलो आहे. मग हवामानामुळे त्यांचं विमान ठरल्यापेक्षा काही तास आधी उडालं. लोक नाराज होतील असं मला वाटलं होतं. पण माझ्या शेजारचा मासेविक्या म्हणाला, "बरं झालं लवकर गेले. वादळात विमान नेऊ नये." वादळाबद्दल इथल्या माणसांना कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

घरून फोन यायचे. भावाचं म्हणणं सरळ होतं: वजन उतरलंय, साखर बिघडलीय, परत ये. वरिष्ठांनीही विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या डोसनंतरची तपासणी होईपर्यंत राहू द्या, कारण वसई-मुंबईत या रोगाचा रोज अनुभव असलेला डॉक्टर सापडणं अवघड. हे खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. मला त्या ओढ्यावर एक पूल हवा होता.

मुख्य वस्ती आणि शाळा यांच्यामध्ये ओढा होता आणि मुलं दोन्ही वेळा त्यातून चालत जायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषधाने कृमी मरतात, पण दुसऱ्या दिवशी मूल त्याच पाण्यात उतरलं की पुन्हा पहिल्यापासून. मी आमच्या देणगीदार संस्थेला लिहिलं. उत्तर आलं, सौजन्याने: निधी वादळग्रस्तांच्या निवाऱ्यासाठी आहे, रोगप्रतिबंध वेगळ्या कार्यक्रमात येतो. ते नियमाने बरोबर होतं. हिशेबनीस म्हणून मीसुद्धा हेच लिहिलं असतं. मग भुईगावच्या आणि आसपासच्या काही घरांनी उपवासकाळात बाजूला ठेवलेले पैसे पाठवले. लाकूड फुकट होतं, पडलेल्या माडांचं. कापितानने माणसं दिली. शाळेच्या मास्तरांनी खांबांची उंची ठरवली आणि ती दोनदा वाढवली. खांब सिमेंटमध्ये बसवले, वर माडाच्या बाहेरच्या कठीण भागाच्या फळ्या, एका बाजूला बांबूचा कठडा. उरलेल्या पैशांत शाळेमागे चार संडास झाले. पुलाचं उद्घाटन कुणी केलं नाही. फळ्या ठोकून होण्याआधीच मुलं त्यावरून धावू लागली होती.

त्याच सुमारास शाळेत प्राझिक्वांटेल वाटायचा दिवस आला. काही आयांनी मुलांना घरी ठेवलं. गोळीने चक्कर येते, एकदा मुलं ओकली होती, अशी चर्चा. मला वाटलं, इथे माझा उपयोग आहे. मी वर्गात उभी राहून सांगितलं की मी या गोळ्या घेतल्या, चक्कर आली, दोन तास पडून राहिले, भात खाल्ला आणि उठले. गोळीआधी पोटभर खाल्लं तर त्रास कमी होतो. मनाने मोठ्या पातेल्यात भात शिजवला. तिला स्वतःला गोळीचा फारसा उपयोग नव्हता. तिचे कृमी कधीच मेले असतील, पण यकृतावरचे व्रण परत मऊ होत नाहीत. ती सगळ्या मुलांना वाढत होती आणि दुसऱ्यांदा मागणाऱ्याला ओरडत होती.

माझ्या तपासणीत काही निघालं नाही. वर्षभराने मी वसईला परतले, वजन कमी होऊन आणि इन्सुलिन सुटून. आता दरवर्षी पोटाची सोनोग्राफी असते. इथल्या डॉक्टरांना मी दरवेळी पहिल्यापासून सांगते आणि ते दरवेळी तितक्याच कुतूहलाने ऐकतात. मना गेली, त्याच्या पुढच्या वर्षी, रक्ताची उलटी होऊन. वादळाच्या मृतांच्या कुठल्याच आकड्यात ती नाही.

चर्चमधल्या युवकांसमोर मला योलांडावर बोलायला बोलावतात. पाण्याची भिंत सांगेपर्यंत सभागृह शांत असतं. गोगलगायीवर आले की मागच्या रांगेत मोबाइल उजळतात. मी तरी ती सांगते, आणि गिमवीसुद्धा सांगते. मागे एकदा प्रश्नोत्तरांत एका मुलीने विचारलं, "सिस्टर, आपण पाठवलेल्या पैशांचा तो पूल अजून आहे का?"

मी सांगितलं, माडाची फळी उघड्यावर फार टिकत नाही. पहिल्यांदा फळ्या कुजल्या तेव्हा त्यांनी आम्हाला कळवलं आणि आम्ही पैसे दिले. दुसऱ्यांदा कुजल्या तेव्हा कळवलंच नाही. मला ते तिथल्या सिस्टरच्या नाताळच्या पत्रातून ओझरतं कळलं. खर्च बारांगायने आपल्या अंदाजपत्रकात घेतला होता, आणि मास्तरांनी खांब आणखी उंच करून घेतले होते.